सकाळी उठेना, उठली तर गचके: सावद्याकडच्या केळी पॅकहाउसमधल्या एलपीजी फोर्कलिफ्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

रावेर तालुक्यात सावद्याच्या बाजूला निर्यातीच्या केळीचं एक पॅकहाउस आहे. पूर्वी या पट्ट्यातून घड ट्रकात किंवा रेल्वेच्या वाघिणीत भरून थेट दिल्लीकडे जायचे. आता निर्यातीच्या मालाच्या फण्या करतात, टाकीत धुतात, खोक्यात भरतात आणि पॅलेटवर रचतात. मग तो १३ ते १४ अंश सेल्सिअसच्या खोलीत ठेवतात आणि रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून न्हावाशेवा बंदराला पाठवतात. पॅलेट आलं की फोर्कलिफ्टही लागते. इथे अडीच टनी, चार सिलिंडरच्या इंजिनाची, एलपीजीवर चालणारी जुनी फोर्कलिफ्ट घेतलेली होती. डिझेलचा धूर आणि वास फळाजवळ नको, आणि बॅटरीच्या फोर्कलिफ्टची किंमत त्या वेळी झेपत नव्हती, असा मालकांचा हिशेब होता. मालकांना सगळे नाना म्हणतात. रोजचा कारभार त्यांचा पुतण्या बघतो. गॅसवरच्या यंत्रांची दुरुस्ती हे माझं काम, म्हणून मला बोलावणं आलं.

पुढचं समजायला गॅसचा रस्ता डोळ्यांसमोर हवा. हंडी, म्हणजे गॅसचा सिलिंडर, यंत्राच्या मागे आडवी बसते. तिच्या आतल्या नळीचं तोंड तळाकडे असतं, त्यामुळे होजमध्ये द्रवरूप गॅस येतो. वाटेत फिल्टर आणि लॉक-ऑफ, म्हणजे गॅस अडवणारा वॉल्व, असतो. इंजिन फिरायला लागलं की इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळकांड्यात, ओढ (व्हॅक्यूम) तयार होते, ती ओढ एका बारीक रबरी नळीतून लॉक-ऑफला मिळते आणि तो उघडतो. इंजिन थांबलं की आपोआप बंद. पुढे रेग्युलेटर. इथे रेडिएटरचं गरम पाणी फिरत असतं, त्या उबेवर द्रवाचा वायू होतो आणि दाबही उतरतो. मग मिक्सरमध्ये हवा मिसळून तो इंजिनात जातो.

अमेरिकेत ही यंत्रं बहुतेक जवळपास निव्वळ प्रोपेनवर चालतात. आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, साधा ब्युटेन जेमतेम शून्याच्या खाली, उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे रेग्युलेटर गार पडला तर प्रोपेन तरीही उडून जाईल, ब्युटेन मात्र द्रवच राहील. रेग्युलेटरची ऊब आपल्या गॅसला जास्त लागते. हे प्रकरण बरंचसं या एका गोष्टीभोवती फिरलं.

तक्रार

जानेवारीचा शेवट होता. रात्रीचं तापमान नऊ-दहा अंशांवर उतरत होतं. रजिस्टरमध्ये रोज एकच ओळ होती: ‘गाडी प्रॉब्लेम’. ऑपरेटर अमळनेरकडचा, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, “भाऊ, सकायले उठत नही. उठनी ते घरघर करस.” त्याला यंत्राशेजारी उभं करून एकेक गोष्ट विचारत गेलो, तेव्हा त्या एका ओळीत तीन वेगळ्या तक्रारी निघाल्या.

सकाळी सेल मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. बराच वेळ सेल मारल्यावर कधीतरी पकडायचं. पकडलं तरी आयडलवर, म्हणजे रेस न देता, मिसिंग (मधूनच ठोका चुकणं); रेस दिली की थोडं सुधारायचं, सोडली की पुन्हा थरथर. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन तापलं की मिसिंग कमी व्हायचं. आणि तिसरी गोष्ट अगदी उलट्या वेळेला: कंटेनर भरायला घेऊन अर्धा तास झाला, यंत्र चांगलं गरम झालं, की भरलेलं पॅलेट उचलताना गचके खाऊन बंद. पाच-दहा मिनिटं उभं ठेवलं की पुन्हा चालू.

गार असताना होणारा त्रास आणि तापल्यावर होणारा त्रास एकाच कारणाने होणं अवघड असतं. कागदावर हे दोन रकाने वेगळे झाले तेव्हाच निम्मं काम झालं, असं मला आजही वाटतं.

चौथी तक्रार रजिस्टरमध्ये नव्हतीच. पॅकिंगला येणाऱ्या बाया आठवडाभर सांगत होत्या की डॉकजवळ डोळे चुरचुरतात आणि दुपारनंतर डोकं ठणकतं. गार खोलीत ये-जा केल्याने होत असेल, असं म्हणून ते सोडून दिलं होतं. मी यंत्राबद्दल विचारत होतो म्हणून त्यातल्या एका मावशींनी मुद्दाम येऊन सांगितलं: “भाऊ, ते गाडीचं धुराडं बघा आधी.”

मी येण्याआधी झालेले उपाय

गावातल्या मिस्त्रीला बोलावलं होतं. रिक्षा आणि गॅसच्या गाड्यांवर त्याचा हात चांगला बसलेला आहे. त्याने बॅटरी बदलली, चारही प्लग नवे घातले, आणि तरीही आयडल सुधारेना तेव्हा मिक्सरचा स्क्रू फिरवून गॅस वाढवला. त्याने फरक पडला. थरथर कमी झाली, सकाळी पेटही जरा लवकर घेऊ लागलं. सगळ्यांना वाटलं, सुटलं. पण चुरचुर त्याच दिवसांपासून वाढली, आणि जी हंडी पूर्ण पाळी पुरायची ती तिसऱ्या प्रहरालाच संपायला लागली.

प्लग बदलणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पेट्रोलपेक्षा गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून कमकुवत प्लग किंवा चिरलेली वायर गॅसच्या इंजिनात आधी जाणवते. पण स्क्रूला हात लावणं ही वेगळी गोष्ट. मिश्रण कुठून बिघडलं ते माहीत नसताना स्क्रू फिरवला की बिघाड तसाच राहतो आणि त्याच्यावर पांघरूण पडतं. नंतर येणाऱ्याला दोन बिघाड शोधावे लागतात.

समोर असलेले पर्याय

त्या सकाळी कार्यालयात चार गोष्टी बोलल्या गेल्या. नवीन रेग्युलेटर-मिक्सरचा पूर्ण संच मागवून बसवायचा, असं पुतण्याचं म्हणणं होतं. खर्च झाला तरी चालेल, पण कटकट संपावी. नानांना हंगामापुरती डिझेल फोर्कलिफ्ट भाड्याने आणावी असं वाटत होतं. पुण्याहून कंपनीचा माणूस बोलावता आला असता, पण तो येईपर्यंत आठवडा गेला असता. आणि चौथा पर्याय म्हणजे त्याच दुपारी यंत्र उघड्यावर नेऊन हंडीपासून इंजिनापर्यंत क्रमाने तपासायचं.

मी चौथ्याच्या बाजूने होतो. पूर्ण संच बदलला असता तर बंद पडण्याचा त्रास काही महिने थांबलाही असता, पण ज्या कारणाने जुना रेग्युलेटर खराब झाला त्याच कारणाने नवाही झाला असता. तेव्हा ते कारण आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणूनच आधी तपासणी. नानांनी अट घातली: संध्याकाळपर्यंत काय ते सांगायचं, दुसऱ्या दिवशी कंटेनर लागणार होता.

आणखी दोन सूचना आल्या, त्या तिथल्या तिथे नाकारल्या. कॅन्टीनची १९ किलोची हंडी आडवी टाकून बघू, असं एकजण म्हणाला. ती हंडी उभी ठेवून वरून वायू घेण्यासाठी बनवलेली असते. आडवी टाकली की तिचा सुरक्षा वॉल्व द्रवाखाली जातो. दाब वाढून तो उघडला तर वायूऐवजी द्रव बाहेर फेकला जाईल आणि त्या द्रवाचा साधारण अडीचशे पट वायू होईल. दुसरी सूचना मिस्त्रीची होती: लॉक-ऑफच काढून टाकू, गॅस सरळ येऊ दे. सकाळची सुरुवात त्याने खरंच सोपी झाली असती. पण मग इंजिन बंद असतानाही गॅसचा रस्ता उघडा राहिला असता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. या पॅकहाउसमध्ये डॉकला खड्डा आहे आणि केळी धुण्याच्या टाक्यांची गटारं जमिनीखालून जातात. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास प्रोपेन झाला की ठिणगी पुरते. मिस्त्रीला खड्ड्याजवळ नेऊन हे सांगितलं, तेव्हा त्याने स्वतःच तो विषय सोडला.

तपासणी: गार इंजिन

यंत्र ढकलून उघड्या आवारात, गटारापासून लांब नेलं. सुरुवात हंडीपासून. हंडीच्या कड्यातलं भोक आणि यंत्रावरची खुंटी जुळलेली हवी, तरच आतल्या नळीचं तोंड खाली आणि सुरक्षा वॉल्व वर राहतो. इथे ती जुळलेली होती. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. ऑपरेटरला नेहमीसारखा वॉल्व उघडायला सांगितलं, तर त्याने एका झटक्यात पूर्ण फिरवला. हंडीच्या वॉल्वमध्ये जास्त प्रवाह झाला की अडवणारी एक गोळी असते. झटक्यात उघडलं की तिला वाटतं होज तुटली, आणि ती रस्ता बंद करते. मग हंडी भरलेली असूनही इंजिनाला गॅस मिळत नाही. त्याला हळूहळू उघडायला लावलं. त्या दिवशी त्याने फरक पडला नाही, पण अधूनमधून सकाळी ‘आज अजिबातच नाही’ असं व्हायचं, त्याचं एक उत्तर इथे असावं.

मग सेल मारला. इंजिन फिरलं, पेट नाही. लॉक-ऑफवर बोट ठेवून पुन्हा सेल मारायला सांगितलं. उघडताना ‘टक’ असा ठोका बोटाला लागायला हवा, तो लागला नाही. आता प्रश्न लहान झाला: लॉक-ऑफ खराब आहे की त्याला ओढच पोहोचत नाही? रबरी नळी काढली आणि हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप थेट लॉक-ऑफला जोडला. दोन दाब दिले, टक झालं. तशीच ओढ धरून सेल मारला, इंजिनाने लगेच पेट घेतला. लॉक-ऑफ ठीक होता, प्लग ठीक होते, ठिणगी ठीक होती. रोग त्या बोटापेक्षा बारीक नळीत होता.

नळी सरळ धरली तर काही दिसत नव्हतं. मॅनिफोल्डकडच्या टी-आकाराच्या जोडाजवळ, क्लिपच्या अगदी खाली, ती वाकवली की नखाएवढी चीर तोंड उघडायची. रबर कडक झालेलं होतं. जळगाव जिल्ह्याचा मे महिना, ४५ अंशांचं ऊन आणि वर इंजिनाची धग, यात रबराचं तेच होतं. पहाटेच्या गारठ्यात ते आणखी आखडायचं आणि चीर उघडी राहायची. सेल मारताना आधीच कमी असलेली ओढ त्या चिरेतून निघून जायची आणि लॉक-ऑफ उघडायचा नाही. इंजिन चालू झालं तरी त्याच चिरेतून जास्तीची हवा मॅनिफोल्डमध्ये शिरायची, म्हणून मिश्रण पातळ आणि आयडलवर मिसिंग. तापल्यावर रबर मऊ पडून चीर मिटायची. पहिल्या दोन्ही तक्रारी आणि ‘तापलं की सुधारतं’ हे सगळं एका नळीत बसलं.

खात्रीसाठी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला. चांगल्या इंजिनात आयडलला सुई साधारण पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर राहते. इथे ती १३ च्या आसपास थरथरत होती. नवी नळी घातली, सुई १९ वर जाऊन थांबली. जुनं यंत्र, गॅसवर चाललेलं, एक्झॉस्ट वॉल्वची बैठक झिजलेली असू शकते, म्हणून कॉम्प्रेशनही बघितलं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ होते.

तपासणी: तापलेलं इंजिन

नळी बदलल्यावर यंत्र इतकं गोड चाललं की पुतण्याने डॉककडे न्यायला सांगितलं. मी थांबवलं. तिसरी तक्रार अजून तपासलेली नव्हती, आणि ती गार यंत्रावर दिसणारच नव्हती. आवारातच पॅलेट देऊन उचल-ठेव करायला लावली.

वीसेक मिनिटांत रेग्युलेटरच्या अंगावर दव आलं, मग पांढरं बर्फ. थोड्याच वेळात पहिला गचका. त्या क्षणी रेडिएटरला हात लावता येत नव्हता इतका तो तापला होता, आणि हातभर अंतरावर रेग्युलेटरवर बर्फ. रेग्युलेटरला पाणी आणणारी नळी गरम, परत नेणारी गार. यापेक्षा स्पष्ट खूण नाही: गरम पाणी रेग्युलेटरपर्यंत येतं, त्याच्या आतून जात नाही. ऊब नाही म्हणून ब्युटेनचा वायू होत नाही, हलक्या कामाला निभावतं, पण पॅलेट उचलताना गॅस जास्त लागला की द्रवाचे थेंब मिक्सरपर्यंत जातात आणि इंजिन गुदमरतं. थोडं उभं ठेवलं की रेग्युलेटर हवेनेच कोमट होतो, म्हणून पुन्हा चालू.

इंजिन निववून परतीची नळी सोडली. धार यायच्या जागी थेंब आले. तोटीत पिवळट-पांढरा दगडासारखा थर बसला होता. रेडिएटरमध्ये कूलंट नव्हतंच. ऑपरेटर रोज सकाळी बोअरच्या नळाचं पाणी घालत होता. या भागात बोअर खोल गेल्या आहेत आणि पाणी क्षाराचं आहे; धुण्याच्या टाक्यांच्या कडांवर तोच थर दिसतो. रेडिएटरचे रस्ते रुंद, तिथे अजून भागत होतं. रेग्युलेटरच्या आतले अरुंद रस्ते मात्र बुजले होते.

कंटेनरचा पेच

संध्याकाळ झाली. कारणं दोन्ही हातात होती, रेग्युलेटर उघडायचा तर आतल्या, दाब सांभाळणाऱ्या रबरी पडद्यांचा नवा संच हवा होता आणि तो पुण्याहून कुरियरने येणार होता. कंटेनर मात्र सकाळी लागणार. पुतण्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं: “दहा-दहा मिनिटं चालवू, बर्फ दिसलं की थांबवू. एवढा कंटेनर जाऊ द्या.” केळी थांबत नाही, बंदरावरची जहाजाची वेळ थांबत नाही.

माझं मत नकाराचं होतं. पडदे आखडलेले, आत द्रव साचतोय, आणि यंत्र बंद खोलीच्या दाराशी चालणार, माणसं पाच पावलांवर. शिवाय स्क्रू अजून वाढवलेलाच होता. निर्णय नानांनी घेतला. ओळखीच्या जिनिंग कारखान्यातून त्यांनी डिझेल फोर्कलिफ्ट दोन संध्याकाळींपुरती मागून आणली, ती फक्त उघड्या डॉकवर वापरली. खोलीतून दारापर्यंत पॅलेट हॅण्ड पॅलेट ट्रकने ओढून आणले. माणसं जास्त लागली, रात्र झाली, कंटेनर उशिरा पण निघाला. त्या रात्रीचा ओव्हरटाइम नानांनी तिथेच रोख दिला.

दुरुस्ती

हंडीचा वॉल्व बंद करून होजमधला गॅस इंजिनातच जाळून संपवला, मगच जोड सोडले. द्रव गॅस हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून हातमोजे. रेग्युलेटरच्या तळाचा बोल्ट काढल्यावर काळपट तेलकट द्रव निघाला. गॅसमधले जड घटक असे साचतात आणि पडद्यांना चिकटतात. बाथरूमच्या ॲसिडने थर झटक्यात निघेल असं सुचवलं गेलं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियमची बॉडी खातं, त्यामुळे कोमट पाण्यात लिंबूसत घालून धीराने थर सोडवला, धुतला, वाऱ्याने फुंकून पाहिला. नवे पडदे, नवी गास्केट. रेडिएटर आणि इंजिनाचे पाण्याचे रस्तेही तसेच साफ केले आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरलं. भरताना हवा अडकून राहिली तर रेग्युलेटर पुन्हा गारच राहतो, म्हणून परतीची नळी ढिली करून हवा काढली.

शेवटी स्क्रू. तो कानाने लावायचा नाही असं ठरवलं होतं. पीयूसीची फिरती गाडी आवारात बोलावली आणि तिचं गॅस मोजायचं यंत्र धुराड्याला लावलं. दुरुस्तीनंतर, पण स्क्रू तसाच असताना कार्बन मोनॉक्साइड साडेपाच टक्के निघाला. स्क्रू कमी करत पाऊण टक्क्यावर आणला, व्हॅक्यूमची सुई हलली नाही.

साडेपाच टक्के म्हणजे ५५,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत या वायूची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ५० पीपीएम दिलेली होती. म्हणजे तो धूर हजार पटीहून जास्त हवेत मिसळला तरच माणसाने श्वास घेण्याजोगा होतो, आणि डॉकवर दार अर्धं बंद, पंखा बंद. या वायूला वास नाही. डोळे चुरचुरतात ते धुरातल्या इतर अर्धवट जळलेल्या पदार्थांनी. डोकं ठणकतं ते मात्र याने असू शकतं. पॅकिंगच्या बाया आठवडाभर जे सांगत होत्या ते खरं होतं, आणि बिघडलेल्या धुराचं पहिलं मोजमाप त्यांनीच दिलेलं होतं.

निष्पत्ती

सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या सेलला इंजिन उठतं. पूर्ण कंटेनर भरून झाला तरी रेग्युलेटर कोमट राहतो. हंडी पुन्हा पाळीभर पुरते. स्क्रू कमी केल्यानंतर चुरचुर आणि डोकेदुखीच्या तक्रारी थांबल्या. त्या बायांना विचारूनच ही ओळ लिहिली आहे.

एक गोष्ट सुटली नाही. त्याच काळात दाराजवळच्या काही पॅलेटमधल्या खोक्यांत फळ वेळेआधी पिवळं पडल्याचं ग्रेडिंगवाल्याने दाखवलं होतं. इंजिनाच्या धुरात इथिलीन असतं, आणि गॅस अर्धवट जळत असला की जास्त असतं. पिकवण खोलीत केळीला १०० ते १५० पीपीएम इथिलीन देतात, पण कच्च्या फळात पिकण्याची सुरुवात व्हायला एक पीपीएमपेक्षाही कमी पुरतं. त्या पॅलेटमध्ये जरा जास्त भरलेल्या, म्हणजे जास्त पक्व, घडांचा मालही मिसळलेला होता, दारही उघडं राहायचं. धुरामुळेच झालं असं सिद्ध करता आलं नाही. तरी नानांनी त्यावर निर्णय घेतला: इंजिनवालं कोणतंही यंत्र थंड खोलीच्या दाराच्या आत जाणार नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा. नीट लावलेलं एलपीजी इंजिनही कच्च्या केळीच्या बंद खोलीत नको.

वेगळं काय करता आलं असतं

बॅटरी आणि प्लग बदलण्याआधी लॉक-ऑफवर बोट ठेवून बघायला काहीच खर्च नव्हता. सेल जोरात फिरतोय म्हणजे बॅटरीवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. पेट न घेणाऱ्या गॅसच्या इंजिनात आधी गॅस येतोय का ते बघावं, मग ठिणगी, मग कॉम्प्रेशन. मिश्रणाचा स्क्रू सगळ्यांत शेवटी आणि मोजायचं यंत्र लावूनच.

रजिस्टरमध्ये ‘गाडी प्रॉब्लेम’ ऐवजी गार की गरम, रिकामी की भरलेली, आयडलला की उचलताना, एवढं लिहिलं असतं तरी मिस्त्रीला दिशा मिळाली असती. आता तसे रकाने छापून घेतले आहेत. ऑपरेटर अक्षर वाईट म्हणून टाळायचा. त्याने टिक करायची, एवढंच ठेवलं.

बोअरचं पाणी रेडिएटरला, ही सवय या पट्ट्यातल्या बहुतेक पॅकहाउसमध्ये, ट्रॅक्टरला, जनरेटरला सगळीकडे आहे. ट्रॅक्टर ती बराच काळ सहन करतो. गॅसच्या रेग्युलेटरला ती आधी भोवते. डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आता फोर्कलिफ्टजवळच ठेवलेत, कारण लांब ठेवले की माणूस जवळच्या नळाकडे वळतो.

पॅकिंगच्या बायांची तक्रार पहिल्याच दिवशी यंत्राशी जोडली गेली असती, तर वाढवलेला स्क्रू आठवडाभर तसा चालला नसता. ती तक्रार ऐकणारा माणूस आणि यंत्राचं बघणारा माणूस वेगळे होते, आणि त्यांच्यात बोलणं नव्हतं. यावर पॅकहाउसने अजून पक्कं काही केलेलं नाही. पुतण्या दर शनिवारी पॅकिंगच्या ओळीत चक्कर मारतो, पण ते त्याच्या सवडीवर आहे. डॉकवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा असं मी लिहून दिलं आहे. खोलीच्या आत चालवायला बॅटरीचा स्टॅकर (पॅलेट उचलून रचायचं छोटं यंत्र) घ्यायचा विचार आहे, त्याची दोन कोटेशन आली आहेत, आणि हंगाम संपल्यावर बसू असं नाना म्हणाले आहेत.